व्हिसाबदल : पर्यटनातून नोकरीकडे

परक्या देशात पाहुणा म्हणून उतरायचे आणि माघारी न जाता तिथेच नोकरीचा व्हिसा करून घ्यायचा, याला व्हिसाबदल म्हणतात. अमेरिकेत, संयुक्त अरब अमिरातीत अटी पाळून हे जमते. भारतात जवळपास नाहीच. ई-टुरिस्ट व्हिसा इथे वाढतही नाही, बदलतही नाही. साध्या पर्यटक व्हिसालाही भारतीयाशी लग्न, आजारपण, भारतीय मूळ असे मोजकेच अपवाद आहेत.

अजिंठ्याला मात्र पाहायला येऊन कामाला लागलेल्यांची जुनी परंपरा आहे. इंग्रज चित्रकार लेडी क्रिस्टियाना हेरिंगहॅम १९०६ मध्ये लेणी पाहून गेल्या आणि १९०९-१० व १९१०-११ असे दोन हिवाळे चित्रांच्या नकला करायला परत आल्या. सोबत नंदलाल बोस, असित हलदार, वेंकटप्पा आणि हैदराबादहून आलेले सय्यद अहमद हे चित्रकार. व्हिसा नावाची भानगड तेव्हा नव्हतीच. मुलूख निजामाचा, त्याची परवानगी पुरे. पुढे १९२० च्या सुमारास चित्रांच्या डागडुजीसाठी निजाम सरकारनेच चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन कारागीर बोलावले. भारतप्रवेशाचा पासपोर्ट कायदाही १९२० चाच. तो आणि परकीय नागरिकांविषयीचे आणखी तीन कायदे रद्द करून आलेला नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे.

आज अजिंठ्याजवळच्या फर्दापूरच्या लॉजवर परदेशी पाहुणा उतरला की काउंटरवर पासपोर्ट-व्हिसाची झेरॉक्स घेतात आणि २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती भरतात. बोलण्यात त्याला अजून 'सी फॉर्म'च म्हणतात. समजा, अशाच एखाद्या जपानी पाहुण्याला एखाद्या टूरवाल्याने दुभाष्याची नोकरी देऊ केली. रोजगार व्हिसाला वर्षाकाठी १६.२५ लाख रुपये पगाराची सर्वसाधारण अट आहे. इंग्रजीखेरीज इतर भाषांचे शिक्षक व दुभाषे, तसेच आपापल्या देशाचे पदार्थ करणारे स्वयंपाकी त्यातून वगळले आहेत. म्हणजे पगाराची अट सुटली, जपानची फेरी सुटली नाही : अर्ज तिथल्या भारतीय वकिलातीतच करायचा. व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल, तर भारतात आल्यावर १४ दिवसांत नोंदणी.

टूरवाल्यांनी एवढे करावे : नोकरीचे पत्र द्यायचे ते पाहुण्याच्या जपानच्या पत्त्यावर द्यावे, आणि तो रोजगार व्हिसा घेऊन परत येईपर्यंत त्याला पर्यटकांच्या गटापुढे उभे करू नये.