तराजू, फूटपट्टी आणि घड्याळ : खो-खोतील लहान चणीच्या गड्याची पारख

खो-खोच्या गुणपत्रकात प्रत्येक गड्यापुढे दोनच आकडे महत्त्वाचे असतात. संरक्षणात तो किती वेळ टिकला हा पहिला आणि आक्रमणात त्याने किती गडी बाद केले हा दुसरा. उंची-वजनाला त्यात रकाना नाही. शरीराच्या मापाचा या खेळाच्या कारभाराशी संबंध आला तो मुख्यतः कुमार-किशोर गटांच्या पात्रतेपुरता, आणि तोही मोठ्या अंगाच्या मुलांना बाहेर ठेवण्यासाठी. ठेंगणा, हलका मुलगा कामाचा की नाही, हे आधी घड्याळाने आणि अगदी अलीकडे खेळाडू-निवडीच्या बाजाराने ठरवले.

खेळाला नियमांची चौकट मिळाली ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम ठरवण्यासाठी समिती नेमली. १९२४ मध्ये बडोद्याहून नियमांचे पुस्तक निघाले, आणि १९३०च्या दशकात अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांना पुन्हा एकरूपता आणली. आरंभी मैदानाच्या टोकांना खुंटही नव्हते. दोन अनुभवी गडी दोन टोकांना बसत आणि त्यांच्यापाशी वळून खेळ परत मध्यावर येई. लाकडी खुंट आले तशी खुंटाला हात घालून वळण्याची कसबे निघाली, आणि त्यांबरोबर खुंटाआड झटकन दिशा बदलणाऱ्या बुटक्या संरक्षकाचे महत्त्वही वाढले.

वऱ्हाडात देशी खेळ-व्यायामाच्या चळवळीचे केंद्र होते अमरावती. वैद्य बंधूंनी १९१४ मध्येच तिथे हनुमान आखाडा उभा केला. पुढे त्याचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने हुतूतूसह देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. शाळाशाळांत व्यायामशिक्षक पुरवण्याचे मंडळाचे काम मात्र बर्लिनपेक्षा मोठे मानावे लागेल. खो-खोला बूट, बॅट, जाळी, चेंडू काहीच लागत नाही. दोन खुंट, फक्कीच्या रेषा आणि शिट्टी हाती घेणारा एक शिक्षक पुरतो. अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावी किंवा त्याच्या आसपासच्या खेड्यांत शाळेला परवडणारे सांघिक खेळ म्हणजे कबड्डी आणि खो-खो.

लहान चण इथे का चालते, हे खेळाच्या रचनेतच दडलेले आहे. पारंपरिक मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. मध्यपाटीवरच्या चौकांत आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून उकिडवे बसतात आणि नववा पाठलाग करतो. आक्रमकाला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही आणि मध्यपाटीही ओलांडता येत नाही. संरक्षकावर यांतले एकही बंधन नाही. तीन-तीनच्या तुकडीने तो आत येतो आणि बसलेल्या गड्यांमधून आरपार जातो. दोन चौकांतल्या फटीतून एकेरी साखळीने, म्हणजे एकेका बसलेल्या गड्याला नागमोडी वळसा घालत, जाताना प्रत्येक वळणावर त्याला वेग मारावा लागतो, अंग खाली घ्यावे लागते आणि पुन्हा उसळी घ्यावी लागते. ज्याचे वजन कमी आणि गुरुत्वमध्य खाली, त्याला हे वळण कमी पावलांत जमते. उंच मुलाचे एक पाऊल जास्त पडते, आणि आक्रमक तेवढ्यात खो देऊन मोकळा होतो. आक्रमणात पारडे फिरते. सूर मारून पाठीला हात लावायचा असो की खुंटावर झेपावून गडी मारायचा असो, लांब हात आणि लांब धड उपयोगी पडते. म्हणून जुन्या जाणत्या शिक्षकांचा संघ मिश्र असे : खुंटाजवळच्या चौकांत उंच गडी, आणि संरक्षणाच्या पहिल्या तुकडीत चपळ, बारीक मुले.

वऱ्हाडातली काळी माती या हिशोबात आणखी भर घालते. शालेय स्पर्धा पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग भरतात. मुरूम नीट पसरलेला नसेल तर ओल्या काळ्या रानावर पाय चिकटतो, वळताना टाच सरकते आणि जड अंगाचा गडी आधी पडतो. अशा मैदानावर तालुका जिंकलेल्या संघाचे गणित मॅटवर मात्र पार बदलते.

मापाची खरी कहाणी कुमार-किशोर गटांत आहे. शाळेचा दाखला आणि प्रत्यक्ष वय यांत अंतर असण्याचा काळ फार जुना नाही. नुसत्या वयावर गट पाडले तर दाढी-मिशा फुटलेला मुलगा लहानांत घुसणार, ही भीती सगळ्याच देशी खेळांना होती. कबड्डीने वजनाची कमाल मर्यादा घातली. खो-खो महासंघाने कुमार-किशोर गटांसाठी निर्देशांक आणला : वर्षांतले वय, सेंटिमीटरमधली उंची आणि किलोतले वजन यांची बेरीज ठरावीक आकड्याच्या आत हवी. अमेरिकेत चार्ल्स मॅक्लॉय यांनी मांडलेला वर्गीकरण-निर्देशांक भारतातल्या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमांत शिकवला जातो. त्यात वयाला २०ने, इंचांतल्या उंचीला ६ने गुणून पौंडांतले वजन मिळवतात, म्हणजे वयाला मुद्दाम जास्त वजन दिलेले असते. खो-खोच्या साध्या बेरजेत असे गुणक नाहीत. १४ वर्षांचा, १५० सेंटिमीटर उंचीचा आणि ३८ किलो वजनाचा मुलगा धरला तर बेरीज २०२ होते, आणि तिच्यातले १५० एकट्या उंचीचे! एक वर्ष वय आणि एक सेंटिमीटर उंची यांची किंमत सारखीच झाली.

याचा परिणाम नियम करणाऱ्यांच्या मनात होता त्याहून वेगळा झाला असणार, हे गणितच सांगते. अकाली उंच झालेला, कोवळा मुलगा बाहेर पडतो, आणि वयाच्या कमाल मर्यादेला टेकलेला पण आखूड बांध्याचा, मुरलेला मुलगा आरामात आत बसतो. गटात कसलेला गडी हवा असलेल्या प्रशिक्षकाला लहान चणीचीच मुले शोधावी लागणार. दुसऱ्या खेळांत ज्या मुलाला ‘अजून अंग भरू दे’ म्हणून परत पाठवतात, तो खो-खोत वजनकाट्यावरून उतरताच संघात जातो. शालेय स्पर्धांचे गट वेगळे असतात : १४, १७ आणि १९ वर्षांखालील. मुलगा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढतो. बार्शीटाकळीच्या मुलाची वाट अकोल्यावरून अमरावती विभागात आणि तिथून राज्य स्पर्धेत जाते. शालेय राष्ट्रीय स्पर्धेत तो महाराष्ट्राचा असतो; महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धेत मात्र विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून वेगळा. एकाच मुलाला दोन वेगवेगळ्या निवड समित्या दोन वेगवेगळ्या नजरांनी पाहतात, आणि पुणे, ठाणे, सांगली, धाराशिव इथल्या तगड्या चढाओढीपासून विदर्भाच्या संघात थोडी मोकळीक मिळते, ही त्याची जमेची बाजू.

दीर्घकाळ या पारखीचे बक्षीस पैशात नव्हतेच. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण, शासकीय नोकऱ्यांतले ५ टक्के खेळाडू आरक्षण, रेल्वेतली भरती आणि महासंघाचे मानाचे पुरस्कार (पुरुषांत एकलव्य, महिलांत राणी लक्ष्मीबाई), एवढ्यावर पिढ्या खेळल्या. १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाल्यापासून साठ वर्षे हेच चालले.

२०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो लीग आली. लिलावाऐवजी तिने ड्राफ्टची पद्धत घेतली. खेळाडूंचे अ, ब, क, ड असे चार गट पाडले, प्रत्येक गटाचे मानधन ठरवून दिले (वरच्या गटाला ५ लाख, खालच्याला १ लाख रुपये) आणि सहा संघांनी पाळीपाळीने गडी उचलले. ड्राफ्टचे मूळ अमेरिकन फुटबॉलमध्ये आहे. तिथला पहिला व्यावसायिक ड्राफ्ट १९३६ साली फिलाडेल्फियात झाला, म्हणजे अमरावतीचे पथक बर्लिनला गेले त्याच वर्षी. त्या खेळात लांबून फेकलेला चेंडू झेलणाऱ्या गड्याची उंची, वजन आणि ४० यार्डांची धाव ड्राफ्टआधी मोजली जाते, आणि ठेंगणे झेलणारे मागे पडतात. वेस वेल्कर हा असाच एक झेलणारा, जेमतेम पाच फूट नऊ इंच. २००४च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच घेतले नाही. पुढे न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून त्याने पाच हंगामांत प्रत्येकी शंभराहून जास्त झेल घेतले, तेही मैदानाच्या गर्दीच्या मध्यभागी, जिथे दोन पावलांत दिशा बदलावी लागते. खो-खोच्या एकेरी साखळीशी या कसबाचे नाते सरळ आहे.

भारतातल्या ड्राफ्टपुढे अडचण उलटी होती. मोजमापांची परंपरा नव्हती. होती ती वर्षानुवर्षांच्या गुणपत्रकांची. पण ती गुणपत्रके ज्या खेळाची होती, तो खेळच लीगने बदलला. मैदान आखूड केले, मैदानात नऊऐवजी सात गडी ठेवले, मॅट अंथरली. कोणत्याही दिशेने धावू शकणारा ‘वजीर’ आणला. साध्या बादाला दोन गुण, तर सूर मारून किंवा खुंटावर झेपावून केलेल्या बादाला तीन. एका हातभर लांबीला थेट गुणांत किंमत मिळाली ती इथे पहिल्यांदा. दुसऱ्या बाजूने, ठरावीक वेळेपलीकडे टिकणाऱ्या तुकडीला ‘ड्रीम रन’चे बोनस गुण देऊन संरक्षकालाही दाम मिळाला. म्हणजे लहान चणीचा गडी बाद झाला नाही. फक्त वजिरापुढे टिकून दाखवण्याची नवी परीक्षा त्याच्यापुढे आली. जुन्या मैदानावरची त्याची मिनिटे इथे जशीच्या तशी धरता येत नव्हती.

पहिला हंगाम १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२२ या काळात पुण्याच्या बालेवाडीत झाला. अंतिम सामन्यात ओडिशा जगरनट्सने तेलुगु योद्धाजला ४६-४५ असे एका गुणाने हरवले. महाराष्ट्राचे गडी बाहेरच्या संघांत विखुरले होते : पुण्याचा प्रतीक वाईकर तेलुगु योद्धाजकडे, तर सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप चेन्नई क्विक गन्सकडे. हे दोघेही जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताकडून खेळले. वाईकरच्या नेतृत्वाखाली पुरुषांनी अंतिम फेरीत नेपाळला ५४-३६ असे, तर प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली महिलांनी नेपाळलाच ७८-४० असे नमवले. विश्वचषकही सात गड्यांच्या नव्या नियमांनीच खेळवला गेला. तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या मुलांना मात्र मातीवर, नऊ गड्यांच्या जुन्या नियमांनी खेळून निवड समितीसमोर यावे लागते.