शेवटचा दगड कुणाच्या दिशेनं?

मंडळी, चित्रपटाची समीक्षा लिहून आणा म्हटलं की वर्गातली बरीच पोरं कथानक लिहून आणतात, आणि उरलेली 'हृदयस्पर्शी' असा शेरा मारून मोकळी होतात. दोन्हींतून चित्रपट काही सापडत नाही.

चित्रपट हा वर्गात बसून अभ्यासायचा विषय आहे, हे आपल्याकडे रुजलं पुण्यात. १९६३ साली सतीश बहादूर तिथल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रसग्रहण शिकवायला आले. माणूस मूळचा अर्थशास्त्राचा, बरं का! 'पथेर पांचाली' ते प्रसंगाप्रसंगानं उलगडून दाखवत. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि जुना चित्रपट पुन्हा काढून पाहायची सोय झाली. पुन्हा पाहिल्याशिवाय समीक्षा कसली? नुसत्या आठवणीवर लिहिलं की आपण आपलंच मत लिहीत बसतो.

आता आपल्या नगरकडे येऊ. सावेडीपासून लालटाकी कितीशी लांब? तिथल्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात नागराज मंजुळे संज्ञापनशास्त्र शिकले. त्यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत 'फँड्री' प्रदर्शित झाला.

'फँड्री'वर पोरं हमखास लिहितात, "हा चित्रपट जातिव्यवस्थेवर भाष्य करतो." करतो ना, पण कुठं? कोणत्या दृश्यात? डुक्कर पकडायची धावपळ चाललेली असते आणि शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्या आणि त्याच्या घरची माणसं जागच्या जागी ताठ उभी राहतात. डुकराला काय त्याचं! प्रेक्षकांत हसू फुटतं. आपण नेमकं कशाला हसलो, इथून समीक्षा सुरू होते. पुढं पकडलेलं डुक्कर काठीला लटकवून शाळेच्या भिंतीवरून नेलं जातं, आणि त्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई रंगवलेले. दिग्दर्शक तिथं कुणाच्या तोंडी भाषण घालत नाही. ती भिंत ज्याच्या वहीत आलीच नाही, त्यानं चित्रपट पाहिला असं आम्ही तरी मानत नाही.

आणि शेवट. जब्या दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्याकडे. मजा बघणारी गावातली माणसं पडद्यावर आहेत, पण दगडाच्या वाटेत आपण बसलोय. खुर्चीत, नाहीतर घरी मोबाइल घेऊन. लिहिणाऱ्यानं त्या क्षणी स्वतःला कुठं बसवलं? कुणी वही दाखवायला आणली, की आम्ही आधी तेच वाक्य शोधतो.