एका संयोगचिन्हाची कुळकथा

पोर्तुगीजमध्ये प्रेक्षक म्हणजे 'एस्पेक्टाडोर' आणि नट म्हणजे 'आटोर'. ब्राझीलचे नाटककार आउगुस्तो बोआल यांनी मध्ये संयोगचिन्ह घालून 'एस्पेक्ट-आटोर' असा नवा शब्द केला. आपल्याकडे तो 'स्पेक्ट-अ‍ॅक्टर' होऊन पोचला. बघता बघता जागेवरून उठून नाटकात शिरणारा माणूस. या शब्दाचं मूळ शोधायला गेलं की हाती लागते ती एक केरसुणी.

त्याआधी एक शरमेची गोष्ट आहे. बोआल यांची मंडळी ब्राझीलच्या ईशान्येकडे शेतकऱ्यांसमोर बंडाची नाटकं करत. एकदा शेवटी नटांनी बंदुका उंचावून जमिनीसाठी रक्त सांडण्याची भाषा केली. विर्जिलियो नावाचा शेतकरी पुढे आला आणि म्हणाला, चला तर मग, आमच्यासोबत लढायला. बंदुका खोट्या आहेत, असं बोआल यांना सांगावं लागलं. आपण जे करणार नाही ते दुसऱ्याला सांगायचं नाही, हा धडा त्यांनी तिथे घेतला.

१९७१ साली लष्करी राजवटीने त्यांना पकडलं, छळलं आणि मग देशाबाहेर जायला लावलं. ते अर्जेंटिनात राहिले. तिथून १९७३ मध्ये पेरूच्या साक्षरता मोहिमेत नाटक घेऊन गेले. डोंगरातून लिमाच्या वस्त्यांत उतरलेल्या कितीतरी लोकांची बोली केचुआ, शिकायची भाषा स्पॅनिश. म्हणून शब्दांऐवजी कॅमेरा हाती दिला. पिळवणूक म्हणजे काय, ते फोटोतून दाखवा. बूटपॉलिश करणाऱ्या एका पोराने आणला भिंतीतल्या खिळ्याचा फोटो. मोठी माणसं बुचकळ्यात पडली, पोरांना मात्र लगेच कळलं. जड पेटी रोज घरी वाहून नेणं झेपत नाही, म्हणून ती रात्री दुकानाच्या भिंतीला टांगायची आणि त्या खिळ्याचं भाडं मोजायचं.

केरसुणी याच पेरूतली. एका बाईने आपली कहाणी आणली होती. नवरा घर बांधायचं म्हणून तिच्याकडून पैसे नेई आणि बदल्यात सुवासिक कागद देई, पावत्या म्हणून. तिला वाचता येत नव्हतं. शेवटी शेजारणीने वाचून दाखवलं, ती दुसऱ्या बाईची प्रेमपत्रं होती. आता नवरा घरी येईल तेव्हा तिने काय करावं? तोवरची रीत अशी, की प्रेक्षकांनी सुचवायचं आणि नटांनी करून दाखवायचं. एक धिप्पाड बाई म्हणाली, आधी नवऱ्याशी स्पष्ट बोलायचं, मग माफ करायचं. नटांनी केलं. तिला पटेना. पुन्हा केलं, तरी पटेना. बोआल वैतागले आणि म्हणाले, या, तुम्हीच दाखवा. ती आली, तिने केरसुणी उचलली, नवरा झालेल्या नटाला बेदम झोडपलं आणि मग त्याला स्वयंपाकघरातून जेवण आणायला धाडलं. 'स्पष्ट बोलणं' म्हणजे काय, हे कुठल्याही नटाच्या डोक्यात आलं नसतं.

रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यातली हद्द तिथे मोडली. पुढे सूत्र सांभाळणाऱ्याला 'जोकर' म्हणू लागले, पत्त्यांतला जोकर, कुठल्याच रंगात न बसणारा. हे नाव मला फार नेमकं वाटतं.

आणि ही रीत बोआल यांच्याबरोबर देशोदेशी फिरत बदलत गेली. अर्जेंटिनात उघड नाटक करणं धोक्याचं, म्हणून भर हॉटेलात, हे नाटक आहे असं कुणालाच कळू न देता प्रसंग घडवले गेले. पुढे युरोपात लोक एकटेपणाचं आणि पोकळीचं दुःख आणू लागले. बोआल यांना प्रश्न पडला, इथे दडपणारा पोलीस आहे कुठे? तो डोक्यात आहे, हे त्यांना हळूहळू उमगलं. मग त्या आतल्या आवाजांना नटांची शरीरं दिली गेली. आठवणीतला बाप, शिक्षक, साहेब समोर उभा करायचा आणि तेव्हा न दिलेलं उत्तर आता द्यायचं. परागंदा माणसाने शोधलेली ही युक्ती आहे, हे तिच्यात जाणवतं.

भारतात हे रोप सर्वांत खोल रुजलं ते सुंदरबनच्या खेड्यांत. संजय गांगुली यांच्या 'जन संस्कृती'ने १९८५ पासून तिथे काम उभं केलं. त्यांचं 'शोनार मेये' हे नाटक मुलीच्या लग्नाचं, हुंड्याचं. तेच नाटक त्याच गावात पुन्हा पुन्हा जातं. जोकर खेळ थांबवतो आणि विचारतो, इथे कोण येतंय? मग गर्दीतली एखादी बाई उठते आणि मुलीच्या जागी उभी राहून बापाशी बोलू लागते.