दुकानाच्या आवारात उघड्यावर माल ठेवता येतो का? आरे कॉलनीत उत्तर वेगळं का आहे?

गाळ्याबाहेर टायर, पिंपं, भंगार, प्लायवूडच्या थप्प्या, वर निळी ताडपत्री. मुंबईत हे चित्र नवीन नाही. जागा आपली, मग तिथे काय ठेवायचं ते आपण ठरवू, असं अनेक व्यावसायिकांना वाटतं. कायदा तसं म्हणत नाही. आरे कॉलनीत तर मुळीच नाही.

आधी सगळ्या शहराला लागू असलेले नियम पाहू. मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 सालचा आहे आणि आजही तोच चालतो. त्याच्या कलम 394 नुसार पेट घेणाऱ्या किंवा आरोग्याला अपायकारक अशा ठरावीक वस्तू परवान्याशिवाय साठवता येत नाहीत. जागा स्वतःची असली तरीही. माल फुटपाथवर किंवा रस्त्यावर आला, तर कलम 313 आणि 314 लागू होतात आणि पालिका तो नोटीस न देताही उचलू शकते.

इमारतीभोवती सोडलेली मोकळी जागा म्हणजे फुकटचं गोदाम नव्हे. हवा-उजेड मिळावा आणि आगीच्या वेळी अग्निशमन दलाला आत येता यावं, यासाठी ती सोडायला लावलेली असते. त्यावर पत्र्याची शेड टाकली की प्रश्न साठवणुकीचा उरत नाही, अनधिकृत बांधकामाचा होतो.

मग आरेत वेगळं काय?

इथे पहिला प्रश्न असतो जमीन कोणाची. शहरातले गोठे एका ठिकाणी आणण्यासाठी 1949 मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. सुमारे 1,287 हेक्टरांचा हा परिसर, आणि त्यातली बहुतांश जमीन राज्याच्या दुग्धव्यवसाय विकास विभागाकडे. गोठ्याच्या युनिटमध्ये वैरणीचे भारे असणं हा त्या व्यवसायाचाच भाग आहे. तिथेच कुणा कंत्राटदाराचे परांचीचे पाइप किंवा भंगार ठेवू देणं हा वेगळा वापर झाला. गोठेवाल्याने तोंडी दिलेली परवानगी त्यासाठी पुरत नाही.

दुसरी गोष्ट, मुंबईच्या 2034 पर्यंतच्या विकास आराखड्यात आरेचा मोठा भाग हरित क्षेत्रात येतो. त्याशिवाय 5 डिसेंबर 2016 ला केंद्राने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती 59.46 चौरस किलोमीटरचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं. त्यात आरेचाही भाग आहे. तिथे नवे प्रदूषणकारी उद्योग, दगडखाणी आणि खडी क्रशर यांना मनाई आहे. (मेट्रो कारशेड आणि इतर वापरासाठी त्यातून 165 हेक्टर वगळण्यात आले. छोट्या व्यावसायिकाला हे खटकलं, तर त्याला दोष देता येणार नाही.) पुढे 2021 मध्ये 812 एकर जमीन वन विभागाकडे गेली. त्या हद्दीत वनकायदा लागतो. त्यामुळे रस्त्याच्या एका बाजूचा नियम दुसऱ्या बाजूला असेलच असं नाही.

एवढी कडक बंधनं कशासाठी?

कारण इथे कचऱ्याचा संबंध थेट बिबट्याशी येतो. उघड्यावर खरकटं, पोती, भंगार पडलं की उंदीर आणि भटके कुत्रे येतात. कुत्रे हे बिबट्याचं सोपं भक्ष्य. ढिगाऱ्यांमुळे लपायला आडोसाही मिळतो. 2022 च्या दिवाळीत आरेत बिबट्याच्या हल्ल्यात दीड वर्षाच्याही आतली एक मुलगी दगावली. 2021 मध्येही इथे सलग हल्ले झाले होते. प्रत्येक हल्ल्याचं कारण कचराच, असं म्हणता येत नाही. पण वस्तीजवळ कचरा साठू देऊ नका, हे वन विभाग आणि अभ्यासक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. टायर आणि पिंपांत साचणाऱ्या पाण्यातून होणारा डेंग्यू-मलेरिया हा आणखी एक धोका. रात्री ट्रकमधून आणून ओतलेलं डेब्रिज ओढ्यांत जातं, ते वेगळंच.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. आरेत आदिवासींचे 27 पाडे आहेत. अंगणातली सरपणाची मोळी किंवा भाताचा पेंढा म्हणजे व्यावसायिक साठवण नव्हे. कारवाईच्या मागणीच्या व्हायरल पोस्टमध्ये दोन्ही एकाच मापाने मोजलं जातं, ते चुकीचं आहे.

आरेत जागा भाड्याने घेताना फक्त भाडेकराराच्या कागदावर विसंबू नका. आरे प्रशासनाची लेखी परवानगी आहे का आणि तो भूखंड कोणत्या क्षेत्रात येतो, हे आधी विचारा. रस्त्यावरचा माल किंवा डेब्रिज याबद्दलची तक्रार पालिकेच्या 1916 क्रमांकावर किंवा गोरेगावच्या पी-दक्षिण विभाग कार्यालयात करता येते. आरेच्या आतल्या जमिनीबद्दल असेल, तर एक प्रत आरेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनाही द्या.