किंकाळीची पट्टी

1960चे दशक नुकतेच लागले आहे. तुम्ही फिलाडेल्फियात आहात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मानसोपचार विभागाशी जोडलेल्या लहान मुलांच्या दिवसकेंद्रात. मुले सकाळी येतात, दुपारनंतर घरी जातात. कागदावर त्यांना ‘मनोविकृत’ म्हटले आहे. तुमच्या काळात यांतल्या कित्येकांना स्वमग्न म्हटले असते. मुलाला सोडायला आलेल्या आयांकडे जरा पाहा. आई थंड वागली म्हणून मूल असे झाले, असे या काळातले बरेच तज्ज्ञ मानतात, आणि हा आरोप डोक्यावर घेऊन या बायका रोज इथवर येतात. हे खोटे आहे, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांना मात्र ते कळायला अजून वर्षे जायची आहेत.

आत चला. पियानो, स्टँडवर ड्रम आणि झांज. पियानोशी बसलेत पॉल नॉर्डॉफ. मार्था ग्रॅहम यांच्या नृत्याला संगीत देणारा, बार्ड कॉलेजात शिकवणारा हा संगीतकार 1959 मध्ये इंग्लंडमधल्या सनफील्ड या मुलांच्या निवासी संस्थेत गेला, तिथले शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांच्यासोबत मुलांसाठी वाजवू लागला आणि मग जुन्या वाटेला परत गेलाच नाही.

रॉबिन्स एका पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन येतात. पुढे पुस्तकांत त्याला ‘एडवर्ड’ हे नाव मिळेल. तो जिवाच्या आकांताने ओरडतोय. तुमचा हात आपसूक कानांकडे जाईल. जाऊ देऊ नका, ऐका. नॉर्डॉफ त्याला गप्प करायला गोड काही वाजवत नाहीत. किंकाळीइतकाच जोर लावून ते वाजवतात, तिचा स्वर पकडतात, त्याभोवती सुरावट उभी करतात. कीर्तनात बुवांनी कुठलीही पट्टी धरली तरी पेटीवाला क्षणात तिथे पोचतो ना, तसे. आता पुढची किंकाळी ऐका. ती पियानोच्या सुरांना धरून आली! मुलगा रडतो आहेच, पण त्याचे रडणे आता एकट्याचे राहिलेले नाही.

कोपऱ्यात टेप रेकॉर्डर फिरतोय. सत्र संपले की खरा अभ्यास सुरू होतो. दोघे रीळ मागे नेऊन ऐकतात, थांबवतात, पुन्हा ऐकतात आणि लिहून काढतात: कितव्या सेकंदाला मूल थांबले, कुठल्या स्वरावर वळले, ड्रमवरचा ठोका लयीत पडला की लयीपासून पळाला. 1962 पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे अनुदान या कामाला मिळते, पाच वर्षांसाठी. उपचार आणि संशोधन यांच्या जोडीने नवे लोक तयार करणे हाही त्या कामाचाच भाग आहे. रीळ ऐकत बसण्याची ही सवय मला सगळ्यांत मोलाची वाटते. वाजवताना आपण किती कमी ऐकतो, हे दुसरे कोणी सांगून पटत नाही.

आता बारा वर्षे पुढे या. 1974, दक्षिण लंडन, गोल्डी ली रुग्णालय. इथे दोघांच्या पद्धतीचा प्रशिक्षणवर्ग सुरू झाला आहे आणि तुम्ही विद्यार्थी आहात. तुम्हाला वाटले असेल, मानसशास्त्राची जाड पुस्तके पुढ्यात येतील, मायेने कसे बोलावे ते शिकवतील. नॉर्डॉफ पियानोवर दोन स्वर वाजवतात. फक्त दोन. लगतचे दोन स्वर एकत्र आले की काय ताण पडतो? मधले अंतर पाच स्वरांचे झाले की जागा कशी मोकळी होते? षड्ज-पंचम तुम्ही जन्मभर ऐकलात, पण हे अंतर घाबरलेल्या पोराच्या अंगाला कसे लागेल, हा प्रश्न तुम्हाला कुठल्या गुरूने विचारला होता?

आजारी मुलांसमोर काय, साधेसुधे वाजवले तरी चालते, असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला हे म्हणणे मुलांचा अपमान वाटतो. सभागृहातला श्रोता एखादी चूक पोटात घालतो, वर टाळीही देतो. हे मूल टाळी देणार नाही. तुमचा हात अडखळला, त्याचा स्वर हुकला, तर ते पाठ फिरवेल, आणि पुन्हा वळेलच असे नाही. म्हणून इथे मैफलीपेक्षा पक्की तयारी लागते, आणि ती तयारी मिरवायची मात्र नाही. मूल झांजेवर एक टोला मारून गप्प झाले, की तुमच्या बोटांत शंभर जागा तयार असूनही त्यांतली एकही न घेता थांबता आले पाहिजे. वर्षानुवर्षे रियाज केलेल्या माणसाला याहून अवघड काही नसते.

उद्या सकाळी तुमची पाळी आहे. मुलाचे नाव गुंफून स्वागताचे चार ओळींचे गाणे बांधायचे आहे. चाल सुचली का? मग ती बाराही पट्ट्यांत बसवा, कारण तो कुठल्या पट्टीत ओरडत येईल, ते आज कोणालाच ठाऊक नाही.