नखी असलेली रायफल

माउझर म्हटले की आपल्याकडे पिस्तूल डोळ्यांसमोर येते. १९२५ साली काकोरीजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना नेणारी गाडी अडवली, तेव्हा त्यांच्या हाती माउझर पिस्तुले होती. तेव्हापासून हे नाव घरोघर झाले. पण पॉल माउझरची खरी कामगिरी पिस्तूल नव्हे, रायफल. शिकारकथांवर वाढलेल्या आमच्या पिढीला तर ती परकी नाहीच. जिम कॉर्बेटच्या हातातली ‘२७५ रिग्बी’ नावाने इंग्रजी, अंगाने माउझरच होती.

पॉलचा जन्म १८३८ सालचा. नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावात सरकारी शस्त्रशाळा होती, त्याचे वडील तिथलेच कारागीर. एकामागून एक सुधारणा करत त्याने जी रायफल सिद्ध केली, ती जर्मन सैन्याने १८९८ साली स्वीकारली. पुढे अमेरिकन सैन्याच्या १९०३ च्या रायफलीत माउझरचे इतके काही उचलले गेले की त्या सरकारला दोन लाख डॉलर मोजावे लागले.

बोल्ट ॲक्शन समजायला दाराचा बोल्ट आठवावा. पुढे सरकवायचा, खाली फिरवायचा, दार पक्के. रायफलीत हा बोल्ट नळीच्या मागच्या तोंडाशी बसतो. फिरवला की त्याच्या पुढच्या टोकाचे दोन कान आतल्या खाचांत अडकतात आणि बार उडताना मागे येणारा सगळा धक्का पेलतात. १८९८ साली माउझरने मागे तिसरा कान दिला. एरवी तो काहीच करत नाही. पुढचे दोन तुटले तर बोल्ट उडून नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येऊ नये, एवढ्यासाठीच तो आहे. काडतुसाचे बूड फुटले तर तप्त वायू बाहेर निघून जावा म्हणून बोल्टला भोके ठेवली. इतकी काळजी घेणाऱ्या या माणसाचा एक डोळा १९०१ साली गेला, तोही एका स्वयंचलित रायफलीच्या प्रयोगात!

मला या यंत्रात सर्वांत मोलाची वाटते ती नखी. बोल्टच्या बाजूला पोलादाची एक लांब पट्टी असते आणि तिच्या टोकाला आकडा. काडतूस पेटीतून वर येते ते थेट या नखीत. मग नळीत जाईपर्यंत आणि रिकामे होऊन बाहेर पडेपर्यंत ते सुटत नाही. इतर कित्येक रायफलींत बोल्ट काडतूस नुसते पुढे ढकलतो. घाबरलेल्या माणसाने अर्ध्यावरून बोल्ट मागे ओढला व पुन्हा पुढे लोटला, की पहिले आतच राहते, दुसरे त्याच्यावर आदळते आणि रायफल अडून बसते. आमच्या एका परिचितांकडे आजोबांच्या परवान्याची माउझर आहे. घरचा कानडी गडी तिला ‘कोवी’ म्हणतो. तिच्यात खोटे काडतूस घालून मी मुद्दाम अर्ध्यावरून बोल्ट मागे घेतला. काडतूस निमूटपणे मागे आले आणि टणकन बाहेर पडले. आपल्या रायफलीचा धनी भ्यालेला असेल, हे माउझरने धरूनच चालले होते. त्याने ती खंदकातल्या शिपायासाठी केली, कामी आली ती गवतात वाघासमोर उभ्या राहिलेल्या शिकाऱ्यालाही.

बोअर युद्धात इंग्रजांनी १८९९ ते १९०२ माउझरच्या गोळ्या खाल्ल्या, आणि लंडनचा जॉन रिग्बी शिकाऱ्यांना माउझरच विकत होता. हा गृहस्थ काही वर्षे एनफिल्डच्या सरकारी रायफल कारखान्याचा प्रमुख होता! जर्मन यंत्रावर तो आपल्या पद्धतीची नळी आणि अक्रोडाचा दस्ता चढवी. ७ मिलिमीटरचे इंचात ०.२७५ झाले आणि जर्मन काडतुसाला इंग्रजी नाव मिळाले. धक्का कमी, नेम अचूक. ‘करामोजो’ बेलने आफ्रिकेत शेकडो हत्ती याच लहानशा गोळीने पाडले. त्या संख्येचे कौतुक मला तरी करवत नाही.

कॉर्बेटची गोष्ट वेगळी. चंपावतच्या वाघिणीने नेपाळात आणि कुमाऊँत मिळून ४३६ माणसे मारल्याची नोंद आहे. १९०७ साली कॉर्बेटने तिला मारले, ते दुसऱ्या बंदुकांनी. रिग्बी मिळाली बक्षीस म्हणून, संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांच्याकडून. दस्त्यावर तशी चांदीची पट्टी आहे. १९२६ च्या मे महिन्यात रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या या रिग्बीनेच पडला. नळीला टॉर्च बांधलेला, आंब्याच्या झाडावरची रात्र, आणि बार फक्त एक. पाच काडतुसांची पेटी व चपळ बोल्ट त्या रात्री लागलेच नाहीत.

पुढे कॉर्बेटने कॅमेरा जवळ केला. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ १९४४ साली ऑक्सफर्डच्या मुंबई शाखेने काढले. १९५५ साली केनियात तो वारल्यावर रायफलही ऑक्सफर्ड प्रकाशनाकडेच गेली आणि २०१५ साली रिग्बी कंपनीने ती परत मिळवली.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकार संपली. परिचितांची माउझर आता निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होते, आणि निकाल लागल्यावर पावती दाखवून सोडवून आणावी लागते.