दात काढण्यापासून दात राखण्यापर्यंत

भायखळा आणि करी रोड या स्थानकांच्या मध्ये वसलेल्या चिंचपोकळीच्या आरोग्याचा इतिहास लिहिताना साथीच्या रोगांचा उल्लेख हटकून येतो, कारण आर्थर रोडवर, म्हणजे आजच्या साने गुरुजी मार्गावर, १८९२ मध्ये सुरू झालेले आणि पुढे कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाऊ लागलेले सांसर्गिक रोगांचे रुग्णालय याच परिसरात आहे. हिरड्यांचा रोग प्लेगसारखा जीव घेत नाही, तो वर्षानुवर्षे मुकाट्याने दात नेतो. त्यामुळे कापडगिरण्यांच्या या परिसराच्या, म्हणजे गिरणगावाच्या, इतिहासात त्याला क्वचितच जागा मिळाली. वास्तविक या रोगावरील शस्त्रक्रियेच्या भारतीय वाटचालीतील दोन महत्त्वाच्या संस्था चिंचपोकळीच्या दोन अंगांना, एक मुंबई सेंट्रलला आणि दुसरी परळला, उभ्या राहिल्या.

लोकभाषेत ज्याला पायोरिया म्हणतात, त्या रोगाची सुरुवात दातांच्या मुळाशी साचणाऱ्या जंतूंच्या थरापासून होते. हा थर वेळीच निघाला नाही तर तो कडक होऊन त्याचे किटण बनते, हिरडी सुजते, तिच्यातून रक्त येते आणि पुढे ती दातापासून सुटून मध्ये कप्पा तयार होतो. निरोगी हिरडीची फट एक ते तीन मिलिमीटर खोल असते. ती पाचाच्या पुढे गेली की वरवरच्या सफाईचे हत्यार तळापर्यंत पोचणे अवघड होते, आणि दरम्यान दाताला धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजत जाऊन दात हलू लागतो. शस्त्रक्रियेचा विचार येतो तो या टप्प्यावर.

हा विचार भारतात नवा नव्हता. सुश्रुतसंहितेत दंतमूलाचे, म्हणजे हिरड्यांचे, पंधरा रोग सांगितले असून त्यांपैकी दंतवेष्टात रक्त आणि पू वाहून दात हलू लागतात, तर दंतवैदर्भ या रोगात शस्त्राने दातांची मुळे स्वच्छ करून मग क्षार लावावा आणि शीतल उपचार करावेत, असा क्रम दिला आहे. मुळाची सफाई आधी आणि औषध नंतर, हे आधुनिक उपचाराचेही सूत्र आहे. मात्र वैद्यकातील ही शस्त्रपरंपरा पुढे क्षीण झाली आणि कोकणातून व घाटावरून जो कामगार गिरण्यांत आला, त्याच्या हाती उरली ती राखुंडी, कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी आणि मिश्री.

मिश्रीचा प्रश्न विशेष गंभीर होता. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करायची आणि ती बोटाने दातांना व हिरड्यांना चोळायची, ही सवय विशेषतः स्त्रियांमध्ये रूढ होती. तंबाखूतील निकोटीनने हिरडीतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे रोग आत वाढत असतानाही रक्त कमी येते आणि मिश्रीने हिरड्या घट्ट होतात असा समज पक्का होतो. म्हणजे जे लक्षण माणसाला सावध करते, तेच दडपले जाते. परळमध्ये १९५२ साली केशव विष्णु पेंढरकर यांनी विको कंपनी सुरू केली आणि वनौषधींचे दंतमंजन बाजारात आणले. तंबाखूविरहित मंजनाचा हा पर्याय स्वागतार्ह असला, तरी खोल कप्प्यात कोणतेच मंजन उतरत नाही.

युरोप-अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या आरंभी दात राखण्यापेक्षा काढण्याकडे कल होता. तोंडातील पू शरीरभर रोग पसरवतो, असे विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने १९१० मध्ये मॉन्ट्रियलच्या व्याख्यानात जोरकसपणे मांडल्यावर असंख्य दात निष्कारण उपटले गेले. त्याच काळात स्वीडनच्या लिओनार्ड विडमन याने वेगळी वाट दाखवली आणि १९१८ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज फ्लॅप शस्त्रक्रिया म्हणून परिचित असलेल्या या पद्धतीत जागा बधिर करून हिरडी दातांच्या कडेने कापतात व हाडापासून अलगद उचलतात. मूळ उघडे पडल्यावर क्युरेट नावाच्या वाकड्या टोकाच्या हत्याराने त्यावरील किटण आणि हाडाच्या खड्ड्यातील रोगट भाग खरवडून काढतात आणि हिरडी जागेवर बसवून टाके घालतात.

मुंबईत १९३३ साली स्थापन झालेले, मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय पुढे महानगरपालिकेकडे आले आणि प्रशिक्षित दंतवैद्याचा उपचार गिरणगावाच्या आवाक्यात आला. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने या व्यवसायाची नोंदणी बंधनकारक केली, तरी पदवी नसलेल्या पण किमान पाच वर्षे या धंद्यावर उपजीविका करणाऱ्यांसाठी नोंदवहीत वेगळा भाग ठेवावा लागला, यावरून तोवर दातांचे काम कोणाच्या हाती होते याची कल्पना येते. मुंबईत १९५४ पासून कामगारांना वैद्यकीय उपचार देणारी कामगार राज्य विमा योजना लागू झाली. परंतु तिचा हक्क नोकरीशी बांधलेला होता आणि १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर हजारोंची नोकरीच गेली.

गेलेले हाड परत कसे आणावे, हा पुढचा प्रश्न होता. आम्लाने कॅल्शियम काढून टाकलेले हाड नव्या हाडाच्या वाढीला चालना देते, हे अमेरिकेतील मार्शल युरिस्ट याने १९६५ मध्ये दाखवले होते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ साली ऊतीपेढी सुरू झाली. हे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत असल्याने किरणोत्साराचे तंत्र त्याला जवळचे होते. दात्यांकडून मिळालेले हाड स्वच्छ करून, गोठवून सुकवून आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करून त्याची भुकटी येथून दंतवैद्यांना मिळू लागली आणि देशातील अनेक दंत महाविद्यालयांत ती वापरली गेली. मात्र तिचा उपयोग तिन्ही बाजूंनी भिंती शाबूत असलेल्या अरुंद खड्ड्यात चांगला होतो. सगळीकडे सारखेच खाली गेलेले हाड ती वर आणू शकत नाही.

या मर्यादेइतकीच दुसरीही मर्यादा महत्त्वाची आहे. स्वीडनमधील नायमन आणि लिंडे यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की शस्त्रक्रियेनंतर दात स्वच्छ राहिले नाहीत, तर रोग थांबत नाही, उलट हाडाची झीज चालूच राहते. श्रीलंकेच्या चहामळ्यांतील, दंतोपचारापासून वंचित असलेल्या ४८० मजुरांच्या १९७० ते १९८५ या काळातील पाहणीत सुमारे ८ टक्क्यांत रोग झपाट्याने, तर ८१ टक्क्यांत मध्यम गतीने वाढलेला आढळला. बहुसंख्यांच्या बाबतीत उपचाराला पुरेसा अवधी होता, उपचारच नव्हता. गिरणगावात उपचाराची सोय हाकेच्या अंतरावर आली, हाडाची भुकटीही परळमध्येच तयार होऊ लागली. तरीही हिरडीतून येणारे रक्त किरकोळ मानण्याची सवय टिकून आहे. ब्रश करताना रक्त दिसले की मंजन बदलण्याऐवजी दंतवैद्याकडून कप्प्यांची खोली मोजून घ्यावी, कारण वेळेवर झालेली साधी सफाई बहुतेकांची शस्त्रक्रिया टाळते.